फौज लहान करायची, तर राखीव दल आधी की नंतर?

अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होऊ लागतात. नाशिक रोडच्या आर्टिलरी सेंटरमधून तोफखान्याचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेली मुलेही त्यांत आहेत. नियमानुसार जास्तीत जास्त २५ टक्के मुले सैन्यात कायम होतील, बाकीची सेवानिधीची, म्हणजे चार वर्षांत साठलेली एकरकमी रक्कम घेऊन गावी परततील. १४ जून २०२२ ला अग्निपथ ही चार वर्षांच्या भरतीची योजना जाहीर झाल्यापासून चाललेला वाद त्यामुळे पुन्हा तापणार आहे.

नाशिककरांना हा विषय परका नाही. देवळालीचे तोफखाना विद्यालय, नाशिक रोड कॅम्प, गांधीनगरला लष्करी वैमानिक घडवणारी शाळा, ओझरचा विमान कारखाना हे सगळे आपल्या रोजच्या वाटेवरचे. सिन्नर, निफाड, येवला, बागलाणच्या रस्त्यांवर पहाटे धावण्याचा सराव करणारी मुले तर प्रत्येकाने पाहिली आहेत. पण या विषयावरची चर्चा दोनच वाक्यांपाशी अडून बसते. एक म्हणतो, पेन्शन नाकारणे हा अन्याय आहे. दुसरा म्हणतो, एवढी पेन्शन देशाला परवडत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र त्याच्या मुळाशी एक मोठा प्रश्न आहे, आणि तो ब्रिटनपासून इस्रायलपर्यंत अनेक देशांत गाजतो आहे: किती सैनिक कायम गणवेशात ठेवायचे, आणि किती जणांना गरज पडेल तेव्हा बोलावून घ्यायचे?

हा प्रश्न कळायला लष्करी शब्दांचे ओझे लागत नाही. पैशापासून सुरुवात करू.

पैसा जातो कुठे

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये ठेवले गेले. त्यांतले सुमारे १.६१ लाख कोटी पेन्शनसाठी, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश. नवी विमाने, तोफा, जहाजे यांसारख्या भांडवली खर्चासाठी १.८० लाख कोटी. उरलेला मोठा हिस्सा पगार, रेशन, इंधन, दारूगोळा, देखभाल यांवर जातो. पेन्शन घेणाऱ्यांची संख्या ३४ लाखांच्या वर आहे. त्यांत संरक्षण खात्यातले निवृत्त नागरी कर्मचारीही येतात, ही गोष्ट वादात बहुतेक वेळा विसरली जाते. हा सगळा आकडा जवानांच्या माथी मारणे बरोबर नाही.

तरीही गणित अवघडच आहे. जुन्या पद्धतीने भरती झालेला जवान अठरा-एकोणीसाव्या वर्षी सैन्यात येतो, पस्तिशी ओलांडता ओलांडता निवृत्त होतो आणि पुढे तीस-चाळीस वर्षे पेन्शन घेतो. त्याने ती कमावलेली असते, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण आज एक जवान भरती केला की सरकार पन्नास-साठ वर्षांचा खर्च अंगावर घेते, हे अर्थमंत्री कोणत्याही पक्षाचा असो, त्याला दिसतेच.

दुसरे कारण वयाचे. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने सांगितले की सैन्य कायम तरुण हवे, त्यासाठी जवानाची प्रत्यक्ष सेवा १७ वर्षांवरून ७ ते १० वर्षांवर आणावी आणि नंतर त्याला निमलष्करी दलांत सामावून घ्यावे. म्हणजे कमी वर्षांच्या सेवेची कल्पना एका सरकारची किंवा एका पक्षाची नाही. त्याहून मागे गेलो तर साठच्या दशकात जवान ७ वर्षे प्रत्यक्ष नोकरी करायचा आणि पुढची ८ वर्षे राखीव यादीत असायचा. युद्ध झाले तर त्याला बोलावता यायचे, आणि दोन्ही काळ मिळून त्याला राखीव सैनिकाची पेन्शन मिळायची. सत्तरच्या दशकात प्रत्यक्ष सेवेची वर्षे वाढवली गेली आणि ती पद्धत मागे पडली. आज आपण ज्याला नवा प्रयोग म्हणतो, त्याचा निम्मा भाग आपल्याकडे होऊन गेलेला आहे. राखीव यादीचा दुसरा निम्मा मात्र या वेळी परत आलेला नाही.

राखीव सैनिक म्हणजे कोण

शांततेच्या काळात ज्याचे पोट दुसऱ्या कामावर चालते, पण सरकारने बोलावले की ज्याला गणवेश चढवावाच लागतो, तो राखीव सैनिक. असे सैनिक तीन वाटांनी तयार होतात. फौजेतून बाहेर पडलेल्यांची नावे काही वर्षे यादीत ठेवणे ही एक वाट. नोकरी-धंदा करणाऱ्या नागरिकांना स्वेच्छेने थोडे थोडे प्रशिक्षण देणे ही दुसरी. आणि इस्रायल किंवा फिनलंडप्रमाणे जवळजवळ प्रत्येक तरुणाकडून सक्तीची सेवा करून घेऊन नंतर त्याला राखीव दलात टाकणे ही तिसरी. फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५६ लाख, म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याहूनही कमी. तरी युद्ध झाले तर २ लाख ८० हजार सैनिक उभे करण्याची त्या देशाची तयारी असते, कारण शेजारी रशिया आहे आणि सीमा तेराशे किलोमीटरहून लांब आहे.

भारतात दुसरी वाट आहे: प्रादेशिक सेना, जिला सगळे टीए म्हणतात. १९४८ च्या कायद्याने ती आली आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. महेंद्रसिंह धोनी ज्या सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल आहे, ती हीच. देवळालीतही टीएची पॅराशूट रेजिमेंटशी जोडलेली एक पायदळ बटालियन आहे. टीएची भरती निघाली की कॅम्पाच्या रस्त्यांवर उमेदवारांची रीघ लागते ती त्यामुळेच. छत्रपती संभाजीनगरची टीए बटालियन झाडे लावण्याच्या आणि पर्यावरणाच्या कामासाठी उभारलेली आहे. टीएचा जवान कागदावर अर्धवेळ असतो. प्रत्यक्षात पायदळाच्या अनेक बटालियनी दीर्घ काळ काश्मीर आणि ईशान्य भारतात पूर्णवेळ काम करत आल्या आहेत.

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, केंद्राने लष्करप्रमुखांना टीएला पाचारण करण्याचे अधिकार दिले. ३२ पायदळ बटालियनींपैकी १४ बटालियनी सेवेत आणण्याची मुभा त्या आदेशात होती. पण त्यात एक अटही होती: अर्थसंकल्पात पैसा असेल किंवा अंतर्गत बचतीतून तो काढता येईल, तरच पाचारण करायचे. ती वाचून मी थबकलो. राखीव सैनिक फुकटचा असतो, हा समज दूर करायला ही एक अट पुरेशी आहे.

बोलावले की येतीलच असे नाही

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे समजवायला नको. बागेत एक-दोन सालगडी वर्षभर असतात. छाटणी, विरळणी, काढणीला पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या येतात. टोळीमुळे वर्षभराचा पगार वाचतो. पण टोळी येते ती मुकादमाशी आधी बोलणे झालेले असते म्हणून, उचल दिलेली असते म्हणून, आणि तिचे हात कामाला सरावलेले असतात म्हणून. यातले काहीच न करता सालगडी काढून टाकला आणि ऑक्टोबर छाटणीला सगळ्या तालुक्याला एकाच आठवड्यात मजूर हवे झाले, तर त्या बागेचा हंगाम गेलाच.

राखीव दलालाही तीनच गोष्टी लागतात. बोलावल्यावर यायला बांधील करणारा कायदा आणि अद्ययावत यादी. दरवर्षीचा खरा सराव, ज्यात बंदुकीची गोळी आणि तोफेचा गोळा प्रत्यक्ष सुटतो. आणि ज्याच्याकडे तो नोकरी करतो त्या मालकाने त्याला सोडले पाहिजे, परत आल्यावर कामावर घेतले पाहिजे. यांपैकी एक जरी नसेल तर राखीव दल फक्त कागदावर उरते. टीएच्या १९४८ च्या कायद्यात नोकरीवर परत घेण्याची तरतूद आहे. पण अंबड-सातपूरच्या एखाद्या छोट्या युनिटमध्ये सात माणसांपैकी एक चार महिने सीमेवर गेला, तर मालकाचे नुकसान कोण भरणार?

ब्रिटनने आधी कापले, मग मोजले

हा वाद सगळ्यात स्वच्छ दिसला तो ब्रिटनमध्ये, म्हणून तिथे जरा थांबू.

२०१० नंतर ब्रिटिश सरकारपुढे मोठी वित्तीय तूट होती. संरक्षणमंत्री फिलिप हॅमंड यांनी २०१२ मध्ये आराखडा मांडला: नियमित सैन्य सुमारे १ लाख २ हजारांवरून ८२ हजारांवर आणायचे आणि प्रशिक्षित राखीव सैनिक सुमारे १९ हजारांवरून ३० हजारांवर न्यायचे. कागदावर हिशेब बसत होता. राखीव सैनिकाला वर्षात कमीत कमी २७ दिवस द्यावे लागत, त्यामुळे तो स्वस्त. लहान कंपन्यांना त्यांचा माणूस मोहिमेवर गेला तर दरमहा ५०० पाउंड देण्याचेही ठरले. मालकांचा विचार निदान केला गेला होता, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

गाडी अडली ती वेगात. माणसे कमी करणे सोपे असते, आदेश काढला की होते. नियमित सैन्याची कपात ठरल्यापेक्षा लवकर झाली. राखीव सैनिकांची भरती मात्र रखडली. अर्ज कमी, वैद्यकीय तपासणीला विलंब, संगणक प्रणालीत अडचणी. जून २०१४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे आपल्या कॅगसारख्या संस्थेने, स्पष्ट लिहिले की राखीव दल ठरलेल्या वेळेत एवढे वाढू शकेल का, याची पुरेशी तपासणी न करताच संरक्षण खात्याने हा निर्णय घेतला होता. आहे त्या वेगाने लक्ष्य गाठायला २०२५ साल उजाडू शकते, असा इशाराही त्यात होता.

इशारा त्याआधीच संसदेतही दिला गेला होता, आणि तो विरोधकांनी नव्हे. सत्ताधारी हुजूर पक्षाचेच खासदार आणि माजी लष्करी अधिकारी जॉन बॅरन यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये दुरुस्ती सुचवली: राखीव दलाची योजना चालते हे संसदेला पटेपर्यंत नियमित बटालियनी मोडू नका. ती दुरुस्ती पराभूत झाली. मला स्वतःला त्या सगळ्या चर्चेतला सर्वांत शहाणा मुद्दा तोच वाटतो. बॅरन फौज कायम मोठीच ठेवा असे म्हणत नव्हते. क्रम उलटा करू नका, एवढेच ते सांगत होते.

पुढे २०२१ मध्ये नियमित सैन्याचे लक्ष्य आणखी खाली, ७२,५०० वर आणले गेले. अकरा महिन्यांनी रशियाने युक्रेनवर पूर्ण ताकदीने हल्ला केला. जून २०२५ च्या ब्रिटिश संरक्षण आढाव्यात नियमित सैन्य पुन्हा थोडे वाढवायचे आणि राखीव दल २० टक्क्यांनी वाढवायचे, पण निधी उपलब्ध होईल तेव्हा, असे म्हटले गेले. मोडलेली बटालियन पुन्हा उभी करायला इमारत आणि बंदुका पुरत नाहीत. नव्या पोरांना घडवणारे हवालदार आणि सुभेदार लागतात, आणि ते बाजारात मिळत नाहीत.

राखीव दलावर जगणारे देश

इस्रायलचे उदाहरण उलट टोकाचे. तिथे कायमचे सैन्य लहान, राखीव दल प्रचंड. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर काही दिवसांत तीन लाखांहून जास्त राखीव सैनिक हजर झाले. ही यंत्रणा चालते, यात शंका नाही. पण ती आखलेली होती थोडक्या दिवसांत संपणाऱ्या युद्धांसाठी. युद्ध वर्षभराहून लांबले तेव्हा त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा बोलावावे लागले. दुकाने बंद राहिली, शिक्षण अडले, घरात बायकोवर सगळा भार आला. त्यातून राजकीय प्रश्न पेटला: धर्मशिक्षण घेणाऱ्या अतिसनातनी तरुणांना सूट का? जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही भरती करा असे सांगितले.

रशियाने सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख राखीव सैनिकांची अंशतः लामबंदी, म्हणजे सक्तीने बोलावणे, जाहीर केली, तेव्हा कित्येकांनी देशच सोडला. जे आले त्यांतल्या अनेकांना कपडे-साहित्यही धड मिळाले नाही. यादीत नाव असणे आणि लढायला तयार असणे यांत किती अंतर असते, ते जगाने तेव्हा पाहिले. जर्मनीने २०११ मध्ये सक्तीची सेवा थांबवली होती. आता तिथे तरुणांची नोंदणी आणि मोठे राखीव दल यांवर कायदे होत आहेत.

भारतात कपात झाली, पण ती कुणी जाहीर केली नाही

आता आपल्याकडे येऊ. २०१६ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डी. बी. शेकटकर यांची समिती नेमली. लढणाऱ्या तुकड्यांना हात न लावता मागची यंत्रणा हलकी करा, असा तिचा रोख होता. त्यातून सुमारे ५७ हजार पदे इतर कामांकडे वळवण्याचे ठरले, ३९ लष्करी दुग्धशाळा बंद करण्याचा निर्णय झाला. ही कपात विचार करून झाली होती, आणि मला ती योग्य वाटते. दूध बाजारात मिळते.

नंतर जे घडले ते वेगळे. कोविडच्या काळात दोन वर्षे भरती थांबली. दरवर्षी साधारण ६० हजार जवान निवृत्त होत राहिले. मग अग्निपथ योजना आली आणि पहिल्या वर्षी तिन्ही दलांत मिळून ४६ हजार जागा निघाल्या. जितके गेले त्यापेक्षा कमी आले. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवलेल्या आकड्यांनुसार ऑक्टोबर २०२४ मध्ये भूदलात जवान व कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या ९२ हजारांहून अधिक आणि अधिकाऱ्यांच्या ८ हजारांहून अधिक जागा रिकाम्या होत्या. फौज लहान करायची आहे असे संसदेत कोणी ठरवले नाही, त्यावर मतदान झाले नाही. तरी ती लहान झाली.

आणि राखीव दलाचे काय? चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना राखीव म्हणून बांधून ठेवायची, दरवर्षी सरावाला बोलवायची व्यवस्था योजनेसोबत आली नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्समध्ये १० टक्के आरक्षण जाहीर झाले, काही राज्यांनी पोलीस भरतीत जागा ठेवल्या. हे पुनर्वसन झाले, राखीव दल नव्हे. ब्रिटनने निदान राखीव दलाचा आकडा तरी लिहिला होता.

माझा आक्षेप इथे आहे. चार वर्षांची सेवा वाईट म्हणून नव्हे. ज्या गोष्टीमुळे छोटी सेवा देशाच्या कामाची ठरते तीच वगळली गेली म्हणून.

“ड्रोनच्या जमान्यात एवढी माणसे कशाला?”

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो पोकळ नाही. चीनने ३ सप्टेंबर २०१५ ला तीन लाख सैनिक कमी करण्याची घोषणा केली आणि पैसा क्षेपणास्त्रे, नौदल, इलेक्ट्रॉनिक युद्धाकडे वळवला. आपल्यालाही तिकडे वळावे लागेलच.

पण युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंनी ड्रोनचा पाऊस पडत असतानाही दोघांनाही माणसे कमी पडली. युक्रेनने एप्रिल २०२४ मध्ये लामबंदीचे किमान वय २७ वरून २५ वर आणले. ड्रोन खंदक उद्ध्वस्त करतो. तो खंदक ताब्यात ठेवायला माणूसच लागतो. आपली सीमा तर डोंगराची. चीनसोबतची प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ३,४८८ किलोमीटर आहे. २०२० च्या गलवानमधल्या चकमकीनंतर पूर्व लडाखमध्ये दोन्ही देशांनी प्रत्येकी पन्नास हजारांच्या आसपास सैनिक उभे केले. तिथे सपाटीवरून गेलेल्या माणसाला हवेशी जुळवून घ्यायलाच दिवस लागतात. ब्रिटनला बेट असल्याचा आणि नाटोतल्या मित्रांचा आधार आहे. आपल्याला दोन बाजूंना दोन अण्वस्त्रधारी शेजारी आहेत.

“चार वर्षांत तोफची तयार होतो का?”

नाशिकमध्ये हा प्रश्न विचारायचा हक्क बहुधा सर्वांत जास्त आहे. उत्तर असे: तोफेवर काम करणारा हात तयार होतो, तोफेची जबाबदारी घेणारा माणूस होत नाही.

अग्निवीराचे मूलभूत आणि तोफखान्याचे मिळून प्रशिक्षण सुमारे ३१ आठवडे चालते. पुढची तीन वर्षे तो युनिटमध्ये. गोळा भरणे, चार्ज (गोळा फेकणारी दारू) तयार करणे, तोफ मोर्च्यावर लावणे हे तो नीट शिकतो. तरुण आणि दणकट असल्याने चांगलेच करतो. पण एका तोफेच्या टोळीचा प्रमुख हवालदार असतो. गोळा नळीत अडकला तर काय करायचे, अंधारात-पावसात दिशा चुकली तर कसे ओळखायचे, घाबरलेल्या पोराला कसे सावरायचे हे त्याला अनेक वर्षांच्या सवयीने येते. कारगिलमध्ये तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे डागले. तो वेग टिकवणाऱ्या टोळ्यांचा कणा हे जुने हवालदार होते. के-९ वज्र किंवा एम-७७७ यांसारख्या नव्या तोफा २०१८ मध्ये देवळालीतच सैन्यात दाखल झाल्या. त्यांची यंत्रणा जुन्या तोफांपेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे, म्हणजे शिकण्याचा काळ वाढतो.

त्यामुळे किती टक्के कायम ठेवायचे, याला एकच आकडा सगळ्या शाखांना लावणे मला पटत नाही. पायदळाच्या रायफलमनला जे प्रमाण चालेल, ते तोफखाना, सिग्नल किंवा नौदलाच्या तंत्रज्ञाला चालेलच असे नाही.

“पेन्शन वाचवण्यासाठीच हे सगळे केले ना?”

सरकार हे नाकारते. २६ जुलै २०२४ ला द्रास येथे पंतप्रधान मोदी यांनी सांगितले की योजनेचा हेतू सैन्य तरुण ठेवण्याचा आहे, पेन्शन वाचवण्याचा नाही. त्याच महिन्याच्या सुरुवातीला लोकसभेत राहुल गांधी यांनी योजनेवर कडाडून टीका केली होती आणि काँग्रेसने निवडणुकीत ती रद्द करण्याचे आश्वासन दिले होते.

हेतूचा निवाडा मी करत नाही. पण एक साधी गोष्ट आहे: आज भरती झालेल्या जवानाची पेन्शन एरवी पंधरा-सतरा वर्षांनंतर सुरू झाली असती. म्हणून आजचा पेन्शनचा खर्च अग्निपथने लगेच कमी होत नाही. बचत झालीच तर २०४० च्या आसपास दिसू लागेल. तोपर्यंत दर चार वर्षांनी नवी मुले घडवण्याचा खर्च वाढलेला असेल. जे आज तातडीने पैसा वाचला असे सांगतात, त्यांचा हिशेब बरोबर नाही.

जीव गेल्यावरचा हिशेब

ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीच्या फायरिंग रेंजवर सराव चालू असताना तोफगोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीर मृत्युमुखी पडले. शहरात त्या दिवशी सुन्न व्हायला झाले. नियमांप्रमाणे कर्तव्यावर मृत्यू आलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवानिधी आणि उरलेल्या काळाचा पगार मिळतो. रक्कम लहान नाही. पण नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळते तशी आयुष्यभराची कुटुंब पेन्शन नाही. संसदेच्या स्थायी समितीनेही कर्तव्यावर प्राण गमावलेल्या अग्निवीरांच्या कुटुंबांना नियमित जवानांइतकेच लाभ द्यावेत अशी शिफारस केली आहे.

याबाबत मला दुसरी बाजू दिसत नाही. एकाच तोफेवर, एकाच स्फोटात मरणाऱ्या दोन सैनिकांच्या आयांमध्ये भेद करण्याला खर्चाचे कोणतेही कारण पुरत नाही. राखीव दल उभारायचे असेल तर हे तर फारच महत्त्वाचे. आपल्यामागे घराचे काय होणार याची खात्री नसलेला माणूस दहा वर्षांनी बोलावल्यावर कशाच्या जोरावर येईल?

“मग अग्निवीरांनाच राखीव ठेवा की!”

हेच करावे, असे माझे मत आहे; पण ते म्हणण्याइतके सोपे नाही. बाहेर पडलेल्या अग्निवीराला पुढची काही वर्षे राखीव सैनिक म्हणून बांधून घ्यायचे तर त्यासाठी कायदा हवा, आणि तो नव्या तुकड्यांना लावावा. आधीच्यांना त्यांच्या इच्छेने. वर्षातून समजा ३० दिवस सरावाला बोलावले तर त्याचा पगार पूर्णवेळ जवानाच्या बाराव्या हिश्शाइतका होतो. त्यावर दारूगोळा, शिधा, प्रवास, वैद्यकीय तपासणी आणि शिकवणारे अधिकारी यांचा खर्च. तरीही पूर्णवेळ जवानापेक्षा तो बराच स्वस्त पडतो, आणि हातात चार वर्षांचे शिक्षण घेतलेला माणूस राहतो. आज ते शिक्षण चार वर्षांनी हवेत विरून जाते.

मालकांचा प्रश्न उरतोच. जो मुलगा पोलीस किंवा निमलष्करी दलात गेला तो युद्धाच्या वेळी तिथेही हवाच असणार, त्यामुळे एकाच माणसाला दोन यादीत मोजण्याचा धोका आहे. खासगी नोकरीतल्याला सोडवून घ्यायला कायद्याच्या धाकासोबत मालकाला भरपाई लागेल. या गोष्टी आधी ठरवायच्या असतात, सीमेवर तणाव असताना नाही.

सुरुवात मात्र साध्या ठिकाणाहून करता येईल. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे, नाशिकमध्येही आहे. तिथे माजी सैनिकांची नोंद असते. योजनेच्या अटींप्रमाणे चार वर्षांनी परतलेल्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही. सिन्नरचा एखादा पोरगा चार वर्षे तोफेवर काम करून गावी आला, तर तो कोणत्या शाखेत होता, कोणती तोफ त्याला येते, आज तो कुठे राहतो आणि काय करतो, हे त्या कार्यालयाला कळण्याची सक्तीची वाट नाही. ही नोंद ठेवायला संसदेत मोठा वाद लागत नाही. एक शासकीय आदेश आणि एक कारकून एवढ्यावर ती पहिल्या तुकडीपासूनच सुरू होऊ शकते.